प्रतिकण : विलोपनापूर्वीची ओळख

प्रतिद्रव्याचा कण द्रव्यातील आपल्या जोडीदाराला भिडला की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते. यालाच विलोपन म्हणतात. त्यामुळे प्रतिकण नष्ट झाल्यावरच कळत असेल, असा समज सहज होतो. पण विद्युतभारित प्रतिकण बहुधा त्याआधीच ओळखले जातात. वायूतून किंवा सिलिकॉनच्या पातळ थरातून वेगाने जाणारा पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण, असंख्य अणूंच्या जवळून निसटतो. त्याच्या भारामुळे वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यात थोडी थोडी ऊर्जा खर्च होत जाते आणि विलोपन सहसा घडते ते वेग जवळजवळ संपल्यावर. तोवर मागे आयनांची रांग उरलेली असते. तोच त्याचा माग.

चुंबकीय क्षेत्रात हा माग वळतो. धनभारित कणाचा एकीकडे, ऋणभारिताचा दुसरीकडे. अडचण अशी की खाली येणारा पॉझिट्रॉन आणि वर जाणारा इलेक्ट्रॉन यांचे माग अगदी सारखे दिसतात. कार्ल अँडरसन यांनी 2 ऑगस्ट 1932 रोजी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत टिपलेले छायाचित्र या अडचणीवरचे फार सुंदर उत्तर आहे. त्यांनी बाष्पकोठीत, म्हणजे कणाचा माग थेंबांच्या रेषेने दाखवणाऱ्या पेटीत, 6 मिमी. जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला होता. शिसे पार करताना कणाची ऊर्जा घटणार, आणि ऊर्जा घटली की तो जास्त वळणार. छायाचित्रात पत्र्याखालचा माग कमी वाकलेला आहे, वरचा जास्त. म्हणजे कण खालून वर गेला, आणि वळणाच्या बाजूवरून त्याचा भार धन ठरला. मग तो प्रोटॉन का नव्हे? तेवढे वळण घेणारा मंद प्रोटॉन जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाऊन थांबला असता. हा माग त्याच्या दहापटीहून लांब होता.

वळणावरून संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग या दोहोंवर ठरणारी राशी, कळतो; नुसते वस्तुमान नव्हे. त्यासाठी वेगही मोजावा लागतो. बर्कलीच्या बेव्हाट्रॉन त्वरकावर 1955 साली चेंबरलिन, सेग्रे, वीगंड आणि इप्सिलांटिस यांनी प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा ऋणभारित प्रतिकण, शोधला तो असाच. एकाच संवेगाचे ऋण कण निवडून सुमारे 12 मीटर अंतरावरच्या दोन गणित्रांमधला, म्हणजे कण गेल्याची नोंद करणाऱ्या उपकरणांमधला, प्रवासाचा वेळ त्यांनी मोजला. प्रोटॉनहून बऱ्याच हलक्या पायॉन या कणाला 40 नॅनोसेकंद लागत, प्रतिप्रोटॉनला 51. पायॉनांची गर्दी प्रचंड असल्याने दोन वेगळे पायॉन योगायोगाने हाच 51 नॅनोसेकंदांचा वेळ दाखवू शकत. म्हणून चेरेन्कोव्ह गणित्राने, म्हणजे वेगवान कणामुळे माध्यमात उमटणारा प्रकाश टिपणाऱ्या उपकरणाने, वेगाची स्वतंत्र खात्री करून घेतली. विलोपनाचा पुरावा नंतर मिळाला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 2011 पासून असलेला एएमएस हा शोधकही चुंबक, प्रवासकाल आणि चेरेन्कोव्ह प्रकाश यांचा आधार घेतो.

पेनिंग सापळ्यात तर प्रतिकण द्रव्याला शिवतही नाही. उत्तम निर्वातात विद्युत व चुंबकीय क्षेत्रांनी धरून ठेवलेला एकटा प्रतिप्रोटॉन मागेपुढे झुलतो आणि भोवतीच्या इलेक्ट्रोडांत अतिसूक्ष्म प्रवाह उमटवतो. तो प्रवाह ऐकला की कण आहे हे कळते, आणि तो शाबूतही राहतो. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील बेस प्रयोगाने प्रतिप्रोटॉन 405 दिवस सांभाळले.

हे सारे भारित कणांपुरते. प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन मिळून झालेल्या प्रतिहायड्रोजन अणूला निव्वळ भार नसल्याने तो असा माग सोडत नाही. सर्नच्याच अल्फा प्रयोगात 2010 साली पकडलेले 38 प्रतिअणू ओळखता आले ते सापळ्याचे चुंबकीय क्षेत्र बंद केल्यावर. सुटलेले प्रतिअणू भिंतीवर विलोपन पावले, आणि त्यातून निघालेल्या पायॉनांचे माग सिलिकॉन शोधकांनी टिपले.