घायपाताला पाणी लागतच नाही? थांबा जरा

सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की कुणीतरी सांगतंच, अंगणात घायपात लावा, वाळवंटातलं झाड आहे, पाणी घालायची गरजच नाही. हे अर्धंच खरं आहे ओ. मूळचं मेक्सिकोकडचं हे झाड पानांत पाणी साठवतं आणि पानांवरची छिद्रं दिवसा बंद ठेवून रात्री उघडतं, म्हणून पाणी कमी उडतं. पण हे मुळं नीट पसरल्यावरचं झालं, नवीन रोपाला पहिला उन्हाळाभर आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावंच लागतं, नाहीतर पानं सुरकुततात, आत वळतात.

आणि आपल्याकडे ते मरतं ते बहुतेक वेळा तहानेनं नाही, काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबून! खालची पानं पिवळी, बुडाशी मऊ, हातानं ओढली की सहज निघतायत म्हणजे कुजलं समजा. त्यामुळे मुरूम न् वाळू मिसळून हातभर उंचवटा करा, त्यावर लावा. गेटजवळ मात्र नको, पानाच्या टोकाचा काटा बरोबर लहान पोरांच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. कापताना हातमोजे घाला, चीक लागला की भयंकर खाज सुटते.