दोन पिवळे बजी आणि पाच हिरवी पिल्लं

बजींची, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटांची, जोडी पिवळीधम्मक होती. नर पिवळा, मादी पिवळी, दोघांच्या पंखांवर एक काळी रेघ नाही. पिंजऱ्यात तिसरा पक्षी नाही. पहिल्याच खेपेला पाच पिल्लं झाली, दोन आठवड्यांनी पिसांचे कोंब फुटले आणि पाचही हिरवी निघाली. साधी रानटी बजीची हिरवी, पंखांवर काळ्या लाटा असलेली. पाहायला आलेल्या प्रत्येकाने मादीकडे संशयाने बघितलं. बिचारीचा काही दोष नव्हता. दोष माझा. खरेदी केली तेव्हा संध्याकाळ होती, मी रंग बघितला आणि डोळे बघितलेच नाहीत.

मादीचे डोळे लाल होते, नराचे काळे. ती ल्युटिनो आणि तो डार्क-आइड क्लिअर. बाहेरून सख्खी भावंडं वाटावीत इतके सारखे, पण त्यांचा पिवळेपणा दोन वेगळ्या वाटांनी आलेला असतो. या वाटा कळल्या नाहीत तर जोड्या लावणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आधी बजी हिरवा कशामुळे दिसतो ते बघू. त्याच्या पिसात हिरवं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या बाहेरच्या थरात पिवळं द्रव्य असतं, आणि आतली बारीक स्पंजासारखी रचना निळा प्रकाश परत फेकते. त्या रचनेच्या मागे मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, पडद्यासारखं उभं असतं. पडदा आहे म्हणून निळा उठून दिसतो. निळ्यावर पिवळा चढला की हिरवा. पाठीवरच्या, पंखांवरच्या काळ्या रेघाही मेलॅनिनच्याच. मेलॅनिन काढून घेतलं की निळा विरतो, रेघा जातात आणि उरतो तो पिवळा. म्हणजे पिवळा बजी हा काहीतरी हरवलेला हिरवा बजी आहे. निळ्या बजीत मुळात पिवळं द्रव्य तयार होत नाही. हे एकाच जनुकातल्या एका बदलाचं काम आहे, असं २०१७ साली संशोधकांनी दाखवून दिलं. त्यामुळे निळ्यातलं मेलॅनिन गेलं तर पक्षी पांढरा होतो. लाल डोळ्यांचा असेल तर अल्बिनो, काळ्या डोळ्यांचा असेल तर डार्क-आइड क्लिअर व्हाइट. पुढे पिवळ्याबद्दल जे लिहिलंय ते पांढऱ्यालाही जसंच्या तसं लागू आहे.

आता मेलॅनिन हरवतं कसं, हा खरा प्रश्न. ल्युटिनोत मेलॅनिन बनण्याची प्रक्रियाच बिघडलेली असते. पिसात नाही, कातडीत नाही, डोळ्यातही नाही. डोळ्यात काळा पडदा नसल्यामुळे आतल्या रक्ताचा लाल रंग दिसतो. डार्क-आइड क्लिअरमध्ये मेलॅनिन बनू शकतं, पण ते बनवणाऱ्या पेशी पिसांपर्यंत पोचत नाहीत. या पेशी भ्रूणात पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून प्रवास करत कातडीत जातात. प्रवास अडला की पीस कोरं राहतं. डोळ्याच्या आतला काळा पडदा मात्र डोळ्याच्याच पेशींतून तयार होतो, त्याला प्रवास नाही. म्हणून पिसं कोरी आणि डोळा काळा.

एका घरात विहीर कोरडी आणि दुसऱ्या घरात विहीर भरलेली पण पाइप फुटलेला, नळ दोन्हीकडे कोरडाच. माझ्या जोडीतल्या मादीकडे विहीर कोरडी होती, नराकडे पाइप फुटका. पिल्लांना बापाकडून चांगली विहीर मिळाली, आईकडून चांगला पाइप. नळाला पाणी आलं, पिल्लं हिरवी झाली.

आनुवंशिकतेत हे दोन प्रकार चालतात मात्र अगदी वेगवेगळे.

ल्युटिनो घडवणारं ‘इनो’ जनुक लिंगगुणसूत्रावर बसतं. पक्ष्यांत आपल्या उलट असतं: नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. इनो झेडवर असतं. मादीकडे झेड एकच, त्यामुळे तिच्यात इनो असेल तर ती लाल डोळ्यांची दिसणारच. लपवायला जागाच नाही. नराकडे दोन झेड असल्यामुळे तो एकावर इनो घेऊन बाहेरून हिरवाच राहू शकतो. पाळणारे त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. ‘इनो स्प्लिट मादी आहे’ असं सांगून कुणी पक्षी देऊ लागला, तर त्याला एवढंच विचारावं की ती इनो ठेवते कुठे?

यातून हिशेब सरळ निघतो. ल्युटिनो नर आणि हिरवी मादी लावली तर सगळ्या मुली ल्युटिनो, सगळे मुलगे हिरवे पण स्प्लिट. उलट केलं, नर हिरवा आणि मादी ल्युटिनो, तर एकही पिल्लू ल्युटिनो नाही, फक्त मुलगे स्प्लिट. तेच दोन रंग, नर-मादी बदलले की निकाल बदलतो. पहिल्या जोडीचा मोठा फायदा असा की पिल्लू घरट्यात असतानाच नर की मादी हे कळतं. स्प्लिट नराला हिरवी मादी दिली तर सरासरी निम्म्या मुली ल्युटिनो. सरासरी हा शब्द विसरायचा नाही, पाच अंड्यांच्या खेपेत सरासरी क्वचितच भेटते.

डार्क-आइड क्लिअरचं गणित दोन मजली आहे. त्याला रिसेसिव्ह पाइड या प्रकाराची दोन जनुकं लागतात, एक आईकडून आणि एक बापाकडून, आणि शिवाय क्लिअरफ्लाइट नावाच्या प्रबळ जनुकाची निदान एक प्रत. नुसत्या रिसेसिव्ह पाइडच्या दोन प्रती असतील तर पक्षी ठिगळ्याठिगळ्यांचा होतो. क्लिअरफ्लाइट एकटं असेल तर सहसा उडायची मोठी पिसं आणि शेपूट कोरी होते, डोक्याच्या मागे एक फिकट ठिपका येतो, बाकी पक्षी रंगीतच. दोन्ही एकत्र आले की सगळा रंग जातो. नर-मादीचा इथे काही संबंध नाही, कुणाकडूनही येवो, निकाल तोच. साध्या हिरव्या पक्ष्याबरोबर डार्क-आइड क्लिअर लावला तर पहिल्या पिढीत एकही कोरं पिल्लू येत नाही. अशा पक्ष्याची खरी जोडी रिसेसिव्ह पाइडबरोबर जमते. क्लिअरफ्लाइटची एकच प्रत असली तरी सरासरी निम्मी पिल्लं कोरी येतात, उरलेली रिसेसिव्ह पाइड. असे दोन क्लिअर एकमेकांना लावले तर चारात तीन कोरी. मला स्वतःला पाइडबरोबरची जोडी आवडते. उरलेली पिल्लंही बघायला देखणी असतात.

माझ्या पाच हिरव्यांपैकी तिघांच्या डोक्यामागे हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळा ठिपका होता. आधी मला वाटलं पीस मोडलंय. बोटाने उलटं करून पाहिलं तर मुळापासून पिवळं. बापाचं क्लिअरफ्लाइट तिथे सही करून गेलं होतं.

मग ओळखायचं कसं? गालांवरच्या खुणांनी नाही, दोघांच्याही चंदेरी पांढऱ्या असतात. पायांनी नाही, दोघांचे गुलाबी. चोचीने नाही, दोघांची नारिंगी. ल्युटिनोच्या पाठीवर उन्हात कधी हलकी हिरवट झाक दिसते, तिच्यावरही विसंबू नये. डोळाच बघायचा. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, उजेड बाजूने पडेल असा. मंद प्रकाशात लाल डोळाही काळा दिसतो, मी तिथेच फसलो. मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढू नये, फ्लॅशमध्ये काय लाल दिसेल याचा नेम नाही. मोठ्या झालेल्या ल्युटिनोच्या लाल बाहुलीभोवती पांढरट कडं असतं. डार्क-आइड क्लिअरचा डोळा एकसंध काळा, सीताफळाच्या बीसारखा, कडं आयुष्यभर येत नाही.

हे कडं महत्त्वाचं, कारण काळ्या डोळ्यांचा आणखी एक पिवळा आहे: डबल फॅक्टर स्पँगल. स्पँगल, म्हणजे पंखांवरच्या पिसांची फक्त कड काळी ठेवणाऱ्या, जनुकाच्या दोन प्रती आल्या की तोही जवळजवळ कोरा पिवळा दिसतो. पण त्याच्या काळ्या डोळ्याभोवती कडं येतं आणि नराच्या नाकाची पट्टी सहसा निळी होते. त्याला साधा हिरवा जोडीदार दिला तर सगळी पिल्लं स्पँगल येतात, तेव्हा पुरावाही लगेच मिळतो. पंखांवर पुसट रेघा असलेला पिवळा दिसला तर तो वेगळाच, जुन्या डायल्यूट, म्हणजे फिक्या रंगाच्या, घराण्यातला. आणि लाल डोळे असून पाठीवर फिकट तपकिरी नक्षी असेल तर तो लेसविंग, म्हणजे इनो आणि सिनॅमॉन (काळी नक्षी तपकिरी करणारं, झेडवरचंच जनुक) एकाच गुणसूत्रावर जोडीने आलेले.

कड्याची अडचण अशी की लहान पिल्लात ते नसतंच. चारेक महिन्यांनंतर हळूहळू उगवतं आणि सात-आठ महिन्यांत स्पष्ट होतं. साध्या बजीचं वय कपाळावरच्या रेघांवरून कळतं, लहानपणी त्या चोचीपर्यंत येतात आणि पहिल्या पीसगळतीनंतर मागे सरतात. कोऱ्या पक्ष्याला रेघाच नाहीत. ल्युटिनोचं वय निदान कड्यावरून ताडता येतं, डार्क-आइड क्लिअरचं तेही नाही. चार महिन्यांचं पिल्लू आणि चार वर्षांचा बाप शेजारी बसले तरी सांगता येत नाही. पायात जन्मसालाची बंद रिंग असेल तरच वयावर विश्वास ठेवावा. ही रिंग पिल्लू आठवड्याभराचं असतानाच चढते, नंतर पाऊल मोठं होतं.

वय न कळणं ही नुसती फसवणुकीची गोष्ट नाही. मादी वर्षाची व्हायच्या आत अंड्यावर बसवली तर अंडं अडकण्याचा धोका वाढतो. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, शेपूट वरखाली हलवत जोर लावणं, धाप, ही लक्षणं दिसली की ऊब द्यायची आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे धावायचं. अंडं घरी दाबून काढायच्या फंदात पडू नये, आत फुटलं तर मादी जाते. जोडी लावायच्या आधीपासूनच पिंजऱ्यात समुद्रफेण, म्हणजे कटलबोन, टांगलेलं असावं. मादी एक दिवसाआड अंडं देते, साधारण चार ते सहा, आणि प्रत्येक अंड्यासाठी तिच्या हाडांतून चुना जातो.

लिंग ओळखण्यातही हे दोघं एकाच पद्धतीने चकवतात. चोचीच्या वरची नाकपुड्यांची पट्टी साध्या नरात निळी होते. ल्युटिनो आणि डार्क-आइड क्लिअर नरात ती जन्मभर गुलाबी-जांभळी राहते. निळी नाही म्हणजे मादी, असं ठरवून दोन नर महिनोन्‌महिने एका पिंजऱ्यात अंड्यांची वाट बघत ठेवणारे लोक मी पाहिलेत. मादीची पट्टी पांढरट, नाकपुड्यांभोवती खडूसारखी वर्तुळं असलेली, आणि विणीच्या काळात तपकिरी, खडबडीत.

इथे आरोग्याचा एक मुद्दा लक्षात ठेवावा. नक्की नर असलेल्या बजीची पट्टी मोठेपणी तपकिरी होऊ लागली, तर ‘अरे ही मादी निघाली’ म्हणून हसायचं नाही. वृषणात गाठ झाली की स्त्री-संप्रेरक वाढून असं होऊ शकतं, आणि बजीत अशा गाठी बऱ्याच आढळतात. गाठ नसेवर दाबली तर एका पायाने लंगडणंही सुरू होतं, आणि मालक पाय मुरगळलाय समजून आठवडे घालवतो. पट्टीवर आणि चोचीच्या कडेला मधाच्या पोळ्यासारखे छिद्रांचे पापुद्रे आले तर ते वेगळं प्रकरण, ती किडीची खरूज. वेळेत औषध मिळालं तर बरी होते, डोस मात्र वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरनेच ठरवावा.

पिवळ्या पक्ष्याचा एक फायदा आहे: मागची बाजू खराब झालेली लगेच दिसते. हिरव्यात जुलाब दोन दिवस लपतो, पिवळ्यात सकाळीच कळतो. ल्युटिनोचा पिंजरा मात्र थेट प्रखर उन्हात ठेवू नये. डोळ्यात पडदा नसल्यामुळे ते मिचकावत बसतात. काळ्या डोळ्यांच्या भावंडाला एवढा त्रास होत नाही, पण सावलीचा कोपरा त्यालाही हवाच.

पिवळी जोडी मी मोडली. नराला रिसेसिव्ह पाइड मादी दिली. ठिपकेवाल्यांपैकी एक नर वर्षभराने एका परक्या हिरव्या मादीबरोबर लावला. आई ल्युटिनो म्हणजे मुलगा स्प्लिट, यात शंका नव्हती. अठराव्या दिवशी अंडी फुटू लागली. तिसऱ्या पिल्लाच्या मिटलेल्या पापणीखाली, काळ्या मण्याच्या जागी, गुलाबी दिसत होतं. सिनॅमॉनचा डोळाही जन्मतः असा फिकट असतो आणि काही दिवसांत काळवंडतो, म्हणून ल्युटिनो लिहायला मी आठवडा थांबलो. ‘मादी’ मात्र वहीत त्याच सकाळी लिहून टाकलं. या जोडीतून दोन्हींपैकी काहीही असो, ते मुलीतच दिसणार होतं.