पार्श्वभूमी : सीबीएसचा रस्ता वारंवार का अडतो?

नाशिकमधला सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते मेहेर हा रस्ता बंद झाला की शहराच्या दृष्टीने तो वाहतुकीचा प्रश्न ठरतो. शालिमारकडून आलेली रिक्षा कुठून वळवायची, शाळेच्या बस कुठे थांबवायच्या, यावर दिवस जातो. रस्त्यावर बसलेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या लेखी मात्र ही जागा सरळ आहे, कारण कसत असलेल्या वनजमिनीवरच्या दाव्याचा निकाल समोरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लागतो. वनहक्क कायद्यात तीन पायऱ्या आहेत. गावात ग्रामसभा आणि तिची वनहक्क समिती, मग प्रांतांची उपविभागीय समिती, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. मूळ कायद्याने अंतिम निर्णय या तिसऱ्या समितीचा. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वरमधली फाईल इथे येऊन अडते, म्हणून माणसंही इथेच येऊन बसतात. गोल्फ क्लब मैदान हाकेच्या अंतरावर आहे, तिथे का बसत नाहीत, असं दर वेळी विचारलं जातं. मैदानात बसलेल्यांकडे कोण फिरकतं, हेही विचारायला हवं.

नाशिकला दारात बसण्याची सवय जुनी आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराकडे प्रवेशासाठी दलितांची मोठी मिरवणूक गेली, दरवाजे बंद झाले आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसू लागले. रामनवमीला रथ सगळ्यांनी मिळून ओढायचा अशी तडजोड झाली होती. ती मोडली, दगडफेक आणि मारामारी झाली. पंचवटीतला हा सत्याग्रह थांबत-चालत पुढे काही वर्षं टिकला.

जमिनीचा धागा बराच नंतरचा. राज्याने २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने १९७२ ते १९७८ या काळातली वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. पण पुरावा कुठला? जंगलात पिढ्यान् पिढ्या नागली-वरई पिकवणाऱ्याकडे कागद नसतो. असलाच तर वनखात्याने केलेल्या दंडाची पावती. ज्या पावतीने माणूस गुन्हेगार ठरला, तीच पुढे कसत असल्याचा पुरावा म्हणून घराघरांत जपली गेली. २००२ च्या मे महिन्यात केंद्राने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश काढला आणि देशभर पाड्यांवर धाकधूक सुरू झाली. २००६ चा वनहक्क कायदा त्या धाकधुकीतून आला, ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. आदिवासींसाठी मुख्य अट अशी की जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असावी. मर्यादा चार हेक्टर.

प्रत्यक्षात दावा चार एकरांचा आणि मंजुरी काही गुंठ्यांची, अशा तक्रारींचा ढीग साचला. उपग्रहाचं छायाचित्र हा पूरक पुरावा आहे, तो इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, असं २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. तरी नकाशात हिरवं दिसलं म्हणून दावा फेटाळला, ही तक्रार पाड्यांवर आजही ऐकू येते.

मार्च २०१६ मध्ये आयोजक किसान सभेच्या सांगण्यानुसार लाखभर माणसांनी सीबीएस चौक व्यापला आणि रस्त्यातच मुक्काम केला. आश्वासनं घेऊन लोक घरी गेले. दोन वर्षांनी, ६ मार्च २०१८ ला, याच चौकातून मुंबईची पायी वाट धरली गेली. त्या मोर्चाबद्दल महाराष्ट्राला सांगायला नको. वनदावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं लेखी मिळालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं. या वेळी पोलिसांनी परवानगी नाकारली, वाटेत गाड्या अडवल्याच्या तक्रारी झाल्या, आणि नाशिक सोडताच चर्चा होऊन मोर्चा थांबला. त्याच महिन्यात, १३ तारखेला, दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली.

आता ज्या मुद्द्यावर सगळं अडलं आहे, तो बाहेरच्याला क्षुल्लक वाटतो. दावा मंजूर होऊन पट्टा, म्हणजे वनहक्काचा कागद, मिळालेल्यांनाही पुन्हा रस्त्यावर का यावं लागतं? उत्तर सातबाऱ्यात आहे. पट्टा मिळाला तरी नाव कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, न लावता ‘इतर हक्कां’त टाकलं जातं, आणि क्षेत्र पोटखराबा म्हणून दाखवलं जातं. पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य. ज्या जमिनीवर भात उभा आहे तिला कागद नापीक म्हणतो. मग ई-पीक पाहणीत नोंद अडते, नोंद नाही म्हणून विमा नाही, नुकसानभरपाई नाही, सोसायटी कर्जाला उभं करत नाही.

प्रशासनाची बाजू अशी की कायद्यानेच हा हक्क वारसांकडे जातो, पण विकता किंवा गहाण ठेवता येत नाही; जमीन वनच राहते, म्हणून तिला खासगी मालकीसारखी नोंद देता येणार नाही. मुद्दा खोटा नाही. पण विकता न येणं आणि पिकत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोटखराब्याच्या शेऱ्याला कायद्याचा कुठलाच आधार दिसत नाही. कायदा उलट पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त पट्टा द्या म्हणतो. म्हणून ठिय्यात बायका प्लॅस्टिकच्या पिशवीतला उतारा काढून दाखवतात : नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा.

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ठिय्या पडला तो याच मागणीवर, शिवाय कांदा, वीज वगैरे होतंच. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा सीबीएसवरून जाणारा, जेमतेम सव्वा किलोमीटरचाही नसलेला स्मार्ट रोड वर्षानुवर्षं खोदून तयार झाला होता. त्यावर तीन दगडांच्या चुली मांडल्या गेल्या, दुभाजकाच्या जाळीवर लुगडी वाळत पडली, पिकअपमधून तांदूळ आणि सरपण उतरलं.

जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर अपिलासाठी २०२० पासून विभागीय पातळीवर समिती आहे, तिचं कार्यालय नाशिकरोडला. तिथे कोणी चूल मांडत नाही, कारण सातबाऱ्याच्या नोंदीचा आदेश निघतो तो जिल्हाधिकारी कार्यालयातून. २०२५ च्या जुलैत आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी बिऱ्हाडासह बसले ते मात्र पलीकडे, आदिवासी विकास भवनासमोर. १७९१ पदं बाह्यस्रोतातून भरण्याचा निर्णय त्या खात्याचा होता.