पाळलेल्या उंदराला भूल देणं वेगळं आणि कायमचं झोपवणं वेगळं

माझ्या चिकूच्या छातीखालची गाठ लिंबाएवढी झाली, खाणं सुटलं, मागचे पाय ओढायला लागली आणि वय झालेलं सव्वादोन वर्षं (उंदीर जगतातच दोन ते तीन वर्षं), तेव्हा कुडाळला डॉक्टर म्हणाले "झोपवूया". मला वाटलं एक इंजेक्शन आणि झालं. तसं नसतं. आपण मराठीत दोन्हीला झोपवणंच म्हणतो म्हणून घोळ होतो, आणि हा घोळ आधीच मिटलेला बरा, टेबलाशी उभं राहून नको.

पहिली पायरी भूल. गॅसचं मशीन असेल तर छोट्या पेटीत आयसोफ्लुरेन सोडतात, आमच्याकडे ते नव्हतं म्हणून केटामीन-झायलाझीनचं इंजेक्शन दिलं. यात फक्त शुद्ध जाते. अंग सैल पडतं, डोळे मात्र उघडेच राहतात, आणि हात लावला तर गार लागतं कारण भुलीत उंदराचं अंग पटकन थंड होतं. मला वाटलं गेली! डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तर हृदय व्यवस्थित चालू.

दुसरी पायरी शेवटचं इंजेक्शन, पेंटोबार्बिटल किंवा त्याच जातीचं औषध. गंमत नाही, पण हेही मुळात भुलीचंच औषध आहे, फक्त डोस इतका मोठा की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र बंद पडतं आणि मागोमाग हृदय. उंदराच्या शिरा फार बारीक म्हणून बहुतेक वेळा पोटात देतात आणि मग काही मिनिटं थांबावं लागतं, ती मिनिटं खूप लांब वाटतात. थेट हृदयात सुई घालायची असेल तर जनावर पूर्ण बेशुद्ध असायलाच हवं, इथे मी अजिबात मागे हटणार नाही, जागेपणी ते भयंकर दुखतं. म्हणून आधीच विचारायचं, "डॉक्टर, पहिली भूल देणार ना? आणि शेवटी हृदय थांबल्याचं तपासून सांगाल ना?" विचारायला लाजू नका.

ओळखायचं कसं? पायाचं बोट चिमटलं आणि पाय ओढला नाही तर भूल खोल गेलीय, एवढंच. गेली असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा डॉक्टर नीट वेळ घेऊन ऐकतात आणि ठोका नसतो. शेवटी एकदोन आचके येतात, लघवी होते, ते बघून घाबरायला होतं पण शुद्ध कधीच गेलेली असते.

तयारीत एक चूक बरेच जण करतात, आदल्या रात्री उपाशी ठेवतात. कुत्र्यामांजराचं ठीक, उंदराला उलटी होतच नाही, त्यामुळे गरज नाही. मी चिकूला सकाळी शहाळ्याची मलई दिली, चाटण्यापुरती खाल्ली. तिचंच वापरलेलं कापड डब्यात घाला, वास ओळखीचा लागतो. प्रवासात डोळ्याभोवती लाल दिसलं तर ते रक्त नाही, ताण आला की डोळ्यामागच्या ग्रंथीतून तसं लाल येतं.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "उंदराक डॉक्टर कित्याक?" आणि दुकानातलं उंदराचं औषध सुचवलं. त्या प्रेमानेच बोलल्या, पण त्यातल्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठायचं थांबतं आणि जनावर आतल्या आत रक्तस्राव होऊन कित्येक दिवसांनी मरतं. फ्रीझरमध्ये ठेवणंही तसंच क्रूर. हे दोन्ही झोपवणं नाहीच.

पुरताना लक्षात ठेवा, ते औषध शरीरात राहतं आणि कुत्र्याने किंवा मुंगसाने उकरून खाल्लं तर त्यालाही बाधतं. आमच्या आगरात हातभर खाली जांभा लागतो, म्हणून जिथे माती खोल आहे तिथे पोफळीच्या कडेला पुरलं आणि वर अख्खा चिरा ठेवला, नाहीतर पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

त्याआधी तिला घरी आणून बदामसमोर ठेवलं, ही तिची जोडीदारीण. बदामने हुंगलं, कानामागे चाटलं, बराच वेळ बाजूला बसून राहिली आणि मग स्वतःहून आपल्या झोळीत जाऊन झोपली.