तेलाच्या ग्राफमधला तो फुगवटा

डिझेलचा थेंबभर नमुना साध्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (वाफ झालेलं मिश्रण कॉलम नावाच्या लांब, बारीक नळीतून ढकलून त्यातले रेणू वेगळे करणारं मशीन) सोडला की ग्राफवर काही टोकदार सुळके दिसतात आणि त्यांच्या खाली एक भलामोठा फुगवटा. तो फुगवटा म्हणजे हजारो रेणू एकमेकांच्या अंगावर पडत कॉलममधून बाहेर येतायत आणि डिटेक्टरला कोण कुठला तेच कळत नाहीये. वर्षानुवर्षं लोक त्याला ‘न सुटलेलं मिश्रण’ म्हणून बाजूला ठेवायचे, पण खरी माहिती तर तिथेच अडकलेली होती.

1991 मध्ये अमेरिकेत जॉन फिलिप्स आणि झायू लिऊ यांनी एका कॉलमला दुसरा कॉलम जोडला, हीच द्विमितीय गॅस क्रोमॅटोग्राफी (GC×GC). पहिला साधारण 30 मीटरचा, तो रेणू उकळबिंदूप्रमाणे वेगळे करतो. दुसरा जेमतेम मीटर-दोन मीटरचा, तो ध्रुवीयता, म्हणजे रेणूतला विद्युतभार किती एका बाजूला झुकलाय, ते बघतो. मधे बसतो मॉड्युलेटर आणि सगळी कमाल त्याचीच आहे: बऱ्याच मशीनमध्ये तो थंड गॅसच्या झोताने काही सेकंदांचा माल गोठवून धरतो, मग गरम झोत मारून एकदम पुढे सोडतो, आणि पुढचा घास यायच्या आत दुसऱ्या कॉलमने आपलं काम उरकायचं, असं रन संपेपर्यंत चालू राहतं. शेवटी एका रेषेऐवजी नकाशा मिळतो. खाली पॅराफिन (कार्बनच्या मोकळ्या साखळ्या), त्यावर नॅफ्थीन (कार्बनच्या साध्या रिंग), मग एका रिंगचे अ‍ॅरोमॅटिक (बेंझीनसारखी रिंग असलेले), त्याहून वर दोन रिंगचे, सगळे आपापल्या पट्ट्यात. मला तर हा नकाशा बघतच राहावा वाटतो!

याचा उपयोग कुठवर जातो बघा. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, 11 माणसं गेली, विहीर बंद केली, आणि तरी 2012 मध्ये त्याच जागी पाण्यावर पुन्हा तेलाचा तवंग. विहीर परत गळतेय का, ही सगळ्यांची धास्ती. अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या क्रिस रेड्डी आणि सहकाऱ्यांनी तवंगाचे नमुने याच पद्धतीने तपासले तर त्यात विहिरीतल्या तेलासोबत ओलेफिन (कार्बनचा दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन) सापडले. क्रूडमध्ये ओलेफिन जवळपास नसतातच, ते ड्रिलिंगच्या वेळी वापरलेल्या कृत्रिम द्रवातले होते. थेट विहिरीतून येणाऱ्या तेलात ते असायचं कारणच नाही, म्हणून संशय गेला समुद्रतळाशी पडलेल्या रिगच्या सांगाड्यावर, त्यात अडकलेलं तेल थोडं थोडं वर येत होतं.