पुस्तिका खरी, माणूस खोटा

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातले पन्नाशीचे एक गृहस्थ मुंबई विमानतळावर अडकले. ना तस्करी, ना घातपात. बँकॉकच्या वाऱ्या घरच्यांना कळू नयेत म्हणून त्यांनी पासपोर्टमधली शिक्क्यांची पानं फाडून टाकली होती. इमिग्रेशनच्या खिडकीत पानं मोजली गेली, आकडा जुळेना, आणि बायकोपासून लपवायची गोष्ट गुन्हा म्हणून दाखल होऊन पेपरात छापून आली. पुण्यात त्यावर जे विनोद व्हायचे ते झालेच.

त्याच वर्षी सप्टेंबरात कोथरूडमध्ये गोळीबार झाला. पोलीस टोळीच्या म्होरक्याला शोधायला निघाले, तर स्वारी परदेशात पोचलेली. त्याच्या पासपोर्टचं एकही पान फाटलेलं नव्हतं, फोटो त्याचाच होता, छपाई सरकारी छापखान्यातली होती. तपासात पोलिसांनी सांगितलं ते असं: आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फेरफार, पत्ता पुण्याऐवजी अहिल्यानगरचा आणि अर्ज तत्काळमधून. त्यात कोण किती दोषी ते न्यायालय ठरवेल. पण पासपोर्टच्या बनवाबनवीचा शंभर वर्षांचा प्रवास या दोन प्रकरणांच्या मधे मावतो. पूर्वी पुस्तिकेशी खेळ व्हायचा. आता पुस्तिकेला कुणी हात लावत नाही, तिच्या मागच्या कागदांशी खेळ होतो.

पासपोर्ट म्हणजे प्रवाशाची सोय, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आज आपण वापरतो तो पासपोर्ट पहिल्या महायुद्धातल्या संशयातून आला. १९१४ मध्ये कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस या अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये फिरत होता. पासपोर्ट अस्सल होता, फक्त त्याचा मालक दुसरा होता. नोव्हेंबरात लोडीला टॉवर ऑफ लंडनमध्ये गोळ्या घातल्या गेल्या आणि डिसेंबरात अमेरिकेने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. आपण आजही पांढरी पार्श्वभूमी, कान दिसले पाहिजेत वगैरे सोपस्कार करतो, त्याचं मूळ तिथे आहे.

हिंदुस्थानात निमित्त झालं गदर या परदेशस्थ भारतीयांच्या संघटनेतल्या क्रांतिकारकांचं. अमेरिका-कॅनडातून परतणाऱ्यांना बंदरावरच अडवता यावं म्हणून सरकारने सप्टेंबर १९१४ मध्ये प्रवेशबंदीचा वटहुकूम काढला. तरीही नोव्हेंबरात ‘सालामिन’ बोटीने विष्णू गणेश पिंगळे कोलकात्याला उतरले. हे पिंगळे आपल्या शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेचे. पुढे मेरठच्या लष्करी छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फाशी गेले. ज्यांच्याबरोबर त्यांनी उठावाची जुळवाजुळव केली ते रासबिहारी बोस मात्र निसटले. मे १९१५ मध्ये ते कोलकात्याहून जपानला गेले ते ‘पी. एन. टागोर’ या नावाने, कवी रवींद्रनाथांचे नातलग म्हणून. टागोरांच्या पाहुण्याला कोण हटकणार? युद्धकाळातल्या नियमांमधूनच १९२० चा पासपोर्ट कायदा आला, भारतात शिरणाऱ्याकडे पासपोर्ट हवाच असं सांगणारा. आणि १९४१ मध्ये सुभाषबाबू काबूलहून युरोपात गेले ते ऑर्लांडो माझोट्टा नावाच्या इटालियन पासपोर्टवर. शाळेत हा धडा आपण अभिमानाने वाचतो, आणि ते बरोबरच आहे. फक्त हे ध्यानात राहू दे, की पासपोर्टचा कागद मुळात माणूस अडवण्यासाठी काढला गेला आणि त्याला चकवण्याची विद्याही त्याच दिवशी जन्माला आली.

स्वतंत्र भारतात बरीच वर्षं पासपोर्ट देणं ही सरकारची मर्जी होती. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग सॉनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरवला, तेव्हा सरकारची धावपळ झाली आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा झाला. नकार द्यायचा तर कारण कायद्यात हवं. खटला प्रलंबित असेल तर न्यायालयाची परवानगी हवी, ही अट याच कायद्यातली. म्हणजे अंगावर केसेस असलेल्याला पासपोर्ट मिळतच नाही असं नाही. कोर्टाकडून परवानगी आणून मिळतो. ज्याला कोर्टापुढे जायचंच नाही, तो नाव बदलतो.

मग आखात आलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात गवंडी, सुतार, ड्रायव्हर, स्वयंपाकी तिकडे निघाले. १९८३ च्या कायद्याने कमी शिकलेल्यांना ठराविक देशांत जाण्याआधी सरकारी मंजुरी लागू लागली. फसवणुकीपासून कामगारांना वाचवण्याचा हेतू. दहावी पास असलात तर ही कटकट नाही. झालं, दहावीच्या खोट्या गुणपत्रिका आणि खोटे शिक्के यांचा बाजार उभा राहिला. अब्दुल करीम तेलगीला आपण खोट्या मुद्रांकांमुळे ओळखतो. बंडगार्डन पोलिसांत २००२ मध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, येरवड्यात तो राहिला. पण मुद्रांकांच्या आधी त्याचा धंदा होता तो मुंबईत बसून माणसं आखातात पाठवण्याचा, आणि खोटी कागदपत्रं तो तिथे शिकला. मुद्रांक छापायला त्याने यंत्रं मिळवली ती नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसने मोडीत काढलेली. आपले पासपोर्टही त्याच प्रेसमध्ये छापतात, हा योगायोग मला कायम अस्वस्थ करतो.

माणसं चोरून पाठवण्याच्या धंद्याला कबुतरबाजी म्हणतात. २००७ मध्ये गुजरातचे खासदार बाबूभाई कटारा दिल्ली विमानतळावर पकडले गेले. टोरांटोला निघालेली एक बाई आणि मुलगा त्यांच्याबरोबर होते, आणि पासपोर्ट खासदारांच्या बायको-मुलाचे.

हा जुना मार्ग, म्हणजे दुसऱ्याचा पासपोर्ट वापरणं किंवा त्यावरचा फोटो बदलणं, हळूहळू अवघड होत गेला. का, ते आपलाच पासपोर्ट उघडून बघता येतं. फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी आहेत, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मधे बाणांसारख्या खुणा. दुसऱ्या ओळीत जन्मतारखेचे सहा आकडे आणि त्यांना चिकटून सातवा एक आकडा असतो. तो सातवा आकडा हिशेबाचा. समजा जन्म १ मे १९६० चा, म्हणजे ६००५०१. या आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं: ४२, ०, ०, ३५, ०, १. बेरीज ७८, शेवटचा आकडा ८. तो आठ तिथे छापलेला असतो. आता कुणी १९६० चं १९६८ केलं, तर बेरीज १०२ होते आणि आठच्या जागी दोन हवा. पासपोर्ट क्रमांक आणि मुदत यांचेही असेच आकडे असतात, आणि वर सगळ्यांचा मिळून एक. भिंगातून बघून कोरणाऱ्या कारागिराला हे गणित ठाऊक नसलं, की यंत्र क्षणात बोंब मारतं. या ओळी नसलेले जुने हातलिखित पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर जगभर बाद धरले गेले. आता चिपवाले ई-पासपोर्ट आलेत. चिपमधल्या माहितीवर सरकारची डिजिटल सही असते आणि ती कोरून बदलता येत नाही.

मग खोटेपणा एक पायरी मागे सरकला. अंडरवर्ल्डमधल्या अबू सालेमने आंध्रातल्या कर्नूलच्या पत्त्यावर खोट्या नावाने स्वतःसाठी आणि अभिनेत्री मोनिका बेदीसाठी पासपोर्ट काढले. दोघं सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला सापडले. छोटा राजन २०१५ मध्ये बालीला पकडला गेला तेव्हा त्याच्याकडे ‘मोहन कुमार’ नावाचा पासपोर्ट होता, आणि त्या नावाचा पहिला पासपोर्ट बेंगळुरूहून रीतसर निघाला होता. एप्रिल २०१७ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने राजनबरोबर पासपोर्ट खात्याच्या तीन निवृत्त कर्मचाऱ्यांनाही सात वर्षांची शिक्षा दिली. छापखाना खरा, सही खरी, शिक्का खरा. डिसेंबर १९९९ मधल्या आयसी-८१४ विमानाच्या अपहरणातही मुंबईत बसून खोट्या कागदांवर काढलेल्या पासपोर्टांचा धागा सापडला होता.

पुण्याने याचा सगळ्यात सफाईदार नमुना पाहिला आणि ओळखला नाही. मार्च २००९ मध्ये कोरेगाव पार्कात एक अमेरिकन पर्यटक उतरला होता. ओशो आश्रमाच्या आसपास हिंडला, छाबड हाऊस हे ज्यूंचं केंद्र पाहून गेला. त्या भागात परदेशी पाहुणा म्हणजे काही नवलाई नाही. डेव्हिड हेडली त्याचं नाव, आणि पासपोर्टवरचं ते नाव कायदेशीरच होतं. दाऊद गिलानी या माणसाने २००६ मध्ये फिलाडेल्फियात रीतसर अर्ज करून नाव बदलून घेतलं होतं. २६/११ ची टेहळणी त्याने याच पासपोर्टवर केली. १३ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच गल्लीबोळात जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ माणसं गेली. हेडलीमुळे भारताने पर्यटक व्हिसावर दोन भेटींत दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं केलं, आणि २०१२ अखेर ते बहुतेकांसाठी मागेही घेतलं. त्या नियमाचा त्रास साध्या बॅकपॅकवाल्यांना झाला, एवढं खरं.

सीमेचा प्रश्न वेगळा दिसतो, पण तोही इथेच येऊन मिळतो. बांगलादेशाला लागून आपली ४,०९६ किलोमीटरची सीमा आहे, बरीचशी नद्या-खाड्यांतून जाणारी. नदी ओलांडणं हा प्रवासाचा सोपा भाग. पुढे जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर आधार, आधारावर पॅन, भाडेकरार, बँकेचं पासबुक. प्रत्येक कागद आधीच्या कागदाची साक्ष काढतो. चार-पाच वर्षांत फाइल अशी जाड होते, की पहिला दाखला कुठून आला ते कुणी विचारत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्यात अशांकडे भारतीय पासपोर्ट सापडल्याचे गुन्हे दाखल झालेत. त्यातले बरेच जण पोटासाठी आलेले, पुढे आखातात जाऊ पाहणारे. मात्र मार्च २०१८ मध्ये पुण्यात एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, पकडलेल्या बांगलादेशींवर बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असल्याचा आरोप होता. एजंटाला दोघांत फरक करायचं कारण नसतं, आणि धोका तिथेच आहे. आपल्याकडची चर्चा मात्र भाषा नि धर्मावर घसरते, एजंट आणि दाखला देणारा कारकून बाजूला राहतात.

कायदा उशिरा का होईना हलला. १९६७ च्या कायद्यात पासपोर्टसाठी खोटी माहिती देण्याला सुरुवातीला जास्तीत जास्त सहा महिने कैद होती. १९९३ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत वाढली, आणि परकीय नागरिकाने भारतीय पासपोर्ट मिळवल्यास एक ते पाच वर्षं झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायद्याने १९२० चा जुना कायदा मोडीत काढला. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरणाऱ्याला वा पुरवणाऱ्याला आता दोन ते सात वर्षं कैद आणि एक ते दहा लाख दंड आहे. इंटरपोलची चोरीच्या पासपोर्टांची यादी २००२ पासून आहे. पण यादी असून भागत नाही, उघडून बघावी लागते. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात दोन इराणी तरुण चोरीच्या युरोपीय पासपोर्टवर चढले होते. दोन्ही पासपोर्ट यादीत होते. कुणी पाहिलं नव्हतं.

राहता राहिलं ते पोलीस व्हेरिफिकेशन. तत्काळमध्ये ते पासपोर्ट हातात पडल्यावर होतं. २०१८ पर्यंत मोठ्या अधिकाऱ्याचा दाखला तरी लागायचा, मग तोही गेला आणि तीन ओळखपत्रांवर काम भागू लागलं. पत्ता ज्या हद्दीत, चौकशी तिथल्या ठाण्याची. पुण्यात दहा गुन्हे असलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्याच्या ठाण्यात कोरी पाटी असू शकतो. त्यात आपली नावं देवनागरीत एक आणि रोमन लिपीत पाच. चौधरी हे आडनाव मी चार तऱ्हांनी लिहिलेलं एकाच कुटुंबात पाहिलंय, आणि त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. संगणकाला मात्र ते चार वेगळे चौधरी.

गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या एका भाडेकरू मुलाच्या व्हेरिफिकेशनला हवालदार आले. मुलगा जर्मनीला शिकायला जाणार होता. साक्षीदार म्हणून माझी बेल वाजली. हवालदारांच्या हातात बारा-पंधरा अर्ज, खाली गाडी चालू ठेवलेली.

“ओळखता ना याला?”

“हो, लिफ्टमध्ये भेटतो.”

“वागायला बरा आहे?”

“बराच म्हणायचा.”

“मग करा सही.”

किती वर्षांपासून ओळखता, या रकान्यात आधीच ‘३’ लिहिलेलं होतं. मुलगा आठ महिन्यांपूर्वी राहायला आला होता. मी चष्मा शोधला, आणि सही केली.