मोजि, बुन, बुन्शोऽ : लेखनविषयक जपानी शब्द

जपानी भाषेत लिखित मजकुराच्या प्रत्येक पातळीला वेगळा शब्द आहे. सर्वांत लहान घटक ‘जि’ किंवा ‘मोजि’. हिरागाना आणि काताकाना या ध्वनिलिप्यांची चिन्हे, चिनीतून आलेली कान्जि, अंक ही सगळी मोजिच. मराठीतला ‘अक्षर’ हा शब्द इथे चपखल बसतो. ‘जि गा किरेइ’ म्हणजे हुबेहूब आपले ‘अक्षर सुंदर आहे’.

हिरागानाच्या 46 मूळ चिन्हांचा क्रमही ओळखीचा वाटेल : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. संस्कृत लिहिण्याच्या सिद्धम् लिपीच्या बौद्ध भिक्षूंनी केलेल्या अभ्यासातून तो घडला, म्हणून त्यात आपल्या वर्णमालेचा सांगाडा दिसतो. ‘हा’ ओष्ठ्य वर्णांच्या जागी आहे, कारण त्याचा जुना उच्चार ‘पा’ होता. जपानी शब्दकोश याच क्रमाने लावतात. कान्जि मात्र नुसता ध्वनी नसून अर्थासह येते. 2010 च्या अधिकृत नित्योपयोगी यादीत अशा 2,136 कान्जि आहेत.

कोशातला सुटा शब्द ‘तान्गो’. ‘कोतोबा’ त्याहून व्यापक, त्यात शब्द, बोल, भाषा सगळे येते.

खरा गोंधळ पुढे होतो. ‘बुन’ म्हणजे एक वाक्य. ते ‘कुतेन’ या छोट्या वर्तुळाने संपते. स्वल्पविराम तो ‘तोऽतेन’. अनेक बुन जोडून झालेला सलग मजकूर म्हणजे ‘बुन्शोऽ’. एखाद्याचे ‘बुन्शोऽ’ चांगले आहे असे म्हटले, तर स्तुती लेखनाची असते, एका वाक्याची नव्हे. शेवटचा ओ आखूड केला की ‘बुन्शो’ होते, म्हणजे कार्यालयीन दस्तऐवज. मराठी लेखनात ओचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, त्यामुळे देवनागरीत टिपणे काढणाऱ्यांची हटकून इथे चूक होते. दीर्घ ओनंतर अवग्रह (ऽ) लावण्याची सवय सुरुवातीपासूनच करावी. जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या वाचन विभागातले ‘चोऽबुन’ म्हणजेही लांबलचक वाक्य नव्हे, तर मोठा उतारा.

परिच्छेद ‘दान्राकु’, प्रकरण ‘शोऽ’, निबंध ‘साकुबुन’, शोधनिबंध ‘रोन्बुन’. पत्राला ‘तेगामि’ म्हणतात : ‘ते’ हात, ‘कामि’ कागद. हीच दोन चिन्हे चिनी भाषेत शौचालयातल्या कागदासाठी वापरतात. पत्राचा जुना शब्द ‘फुमि’. तो ‘बुन’च्याच कान्जिने लिहितात.

पुस्तक म्हणजे ‘होन’, पण पुस्तके मोजताना ‘होन’ चालत नाही. तिथे ‘सात्सु’ लागतो : इस्सात्सु (एक), निसात्सु (दोन), सान्सात्सु (तीन). ‘होन’ने पेन्सिली, छत्र्या अशा लांबट वस्तू मोजतात. शोधनिबंधही त्यानेच मोजतात : इप्पोन, निहोन, साम्बोन. एका पत्राला इत्त्सू, एका हायकूला इक्कु, तांका या छोट्या कवितेला इश्शु.

निबंधाची मर्यादा शब्दांत नसते, कारण जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. ‘400 जि इनाइ’ म्हणजे 400 अक्षरांच्या आत, विरामचिन्हे धरून. त्यासाठी ‘गेन्कोऽ योऽशि’ हा चौकटींचा कागद असतो : 20 स्तंभ, प्रत्येकी 20 घरे. लेखन वरून खाली, स्तंभ उजवीकडून डावीकडे. परिच्छेदाचे पहिले घर कोरे सोडतात. कुतेन आणि तोऽतेन यांना प्रत्येकी एक घर. पण ही चिन्हे नव्या स्तंभाच्या माथ्यावर येता कामा नयेत. तशी वेळ आली, तर ती आधीच्या स्तंभाच्या शेवटच्या घरात, तिथल्या अक्षरासोबतच लिहितात.